पालथा तांब्या

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि मधोमध माडांची दाटी, अशा एका राज्यात पाऊस घरच्या माणसासारखा येत असे. वर्दी न देता यायचा, हवा तितका राहायचा आणि निघताना कोणाला विचारायचा नाही. त्याच्या मुक्कामाला लोक अगदी कंटाळून जात. धोतरे वाळत नाहीत, मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, दारे फुगून बसतात, अशा त्याच्याविषयी हजार तक्रारी. त्याचे कोणी कौतुक केल्याचे सांगणाऱ्याच्या ऐकिवात नाही. आणि मग एका वर्षी तो आला नाही.

दुसऱ्या वर्षीही आला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. भातखाचरांना भेगा पडल्या. डोक्यावर घ्यायची इरली माळ्यावरच राहिली आणि त्यांची पाने हात लावताच चुरू लागली. बेडूक कुठे गेले ते बेडकांनाच ठाऊक. ज्यांनी पावसाच्या नावाने बोटे मोडली, तेच लोक आता संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन बसत आणि फुगलेल्या दारांचा तो कुबट वास एकदा तरी यावा म्हणून झुरत. पश्चिमेला, पाणी संपून आभाळ सुरू होते तिथे, एक करडी रेघ दिसे. ती पुढे सरकत नसे आणि मागेही हटत नसे.

या राज्याचा राजा अर्णवसेन. मान ताठ, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची सवय नाही. त्याला दोन मुले, थोरला केयूर आणि धाकटी एलावती. पण दोन मुले असे म्हणायची आता बंदी होती.

त्याचे असे झाले. दूरच्या बेटांवरच्या व्यापाऱ्यांचे एक गलबत बंदरात आले आणि केयूरने त्यांच्याबरोबर जायची परवानगी मागितली. राजा म्हणाला, "तुझी गादी इथे आहे." केयूर म्हणाला, "गादी कुठे पळून जात नाही, आबा. एक फेरी मारून येतो." राजा म्हणाला, "उंबरठा ओलांडलास, तर या घराला मुलगा नव्हताच असं समजेन." केयूर त्याच राजाचा मुलगा, त्याचीही मान ताठ. त्याने उंबरठा ओलांडला. जाताना एलावतीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "तोंड पाडू नकोस. पावसाच्या पाठोपाठ येतो बघ." ती त्याला जेट्टीपर्यंत पोचवून आली. त्याच दुपारी राजाने दवंडी पिटवली, की या राजवाड्याला एकच अपत्य आहे आणि दुसरे नाव कोणी उच्चारू नये.

आता त्या राज्यात एक जुनी रीत होती. घरचे माणूस समुद्रावर गेले, की त्याचा पाणी प्यायचा तांब्या उंबरठ्यापाशी पालथा घालायचा. माणूस परतले की तांब्या सुलटा करायचा, भरायचा, त्याच पाण्याने त्याचे पाय धुवायचे आणि मग त्याला घरात घ्यायचे. पावसाळा तोंडावर आला आणि माणूस परतलेच नाही, तर घरच्यांनी तो तांब्या भरून किनाऱ्यावर न्यायचा आणि पाणी लाटेत ओतायचे. जिथे असेल तिथे त्याचे पाय धुतले गेले, असे म्हणायचे आणि डोळे पुसून घरी यायचे. हे कशासाठी, असे कोणी विचारत नसे. रीत होती, एवढे पुरे होते.

राजवाड्याच्या उंबरठ्यावर तांब्या पालथा पडला नाही. मुलगाच नाही, तर तांब्या कोणाचा? पण केयूर गेला त्या संध्याकाळी एलावतीने त्याचा तांब्या पदराआड आपल्या महालात आणला, समुद्राकडच्या खिडकीखाली पालथा घातला आणि वर रुमाल टाकला. रोज सकाळी ती रुमालावरची धूळ झटकी. तांब्या मात्र तिने कधी हलवला नाही.

दुसरा पावसाळा कोरडा गेला तेव्हा राजाने दरबार भरवला आणि विचारले, "पाऊस का येत नाही?"

ठाऊक नाही, असे दरबारात कधीच कोणी म्हणत नसते. प्रधान म्हणाले, "काळकड्यावरच्या मांत्रिकाने ढग घागरींत कोंडले आहेत." सेनापती म्हणाले, "खाडीतळीच्या शापित खजिन्याला कोणी हात लावला असणार. तिथला नाग कोपला आहे." पुरोहित म्हणाले, "ते दोन्ही नव्हे. पावशा पक्षी ओरडेनासा झाला आहे. बोलावणारा गप्प, मग पाहुणा येणार कसा?"

"कडा फोडा, नाग मारा, पक्षी धरून आणा," राजा म्हणाला.

एलावती उठून उभी राहिली. तिन्ही कारणे दरबारापासून कशी सोयीस्कर लांब राहतात, हे तिच्या ध्यानात आले होते. "आबा, मारण्याआधी विचारावं. मी विचारून येते."

"तू एकटी आहेस मला."

"एकटी नाही, आबा."

राजाने खिडकीबाहेर, समुद्राकडे पाहिले. मग म्हणाला, "जा. पण परत ये."

एलावती निघाली ती आधी काळकड्यावर गेली. वाटेत तिच्या मनात पावसाचा विचार होता, खोटे कशाला बोला, पण त्याहून मोठा विचार दुसराच होता. हे सारे अद्भुत जीव, यांना दूरचे दिसत असेल, यांना दादाचे ठाऊक असेल.

कड्यावरच्या गुहेत धूम्रकेश मांत्रिक बसला होता. भोवती घागरींच्या उतरंडी रचलेल्या. एलावतीने नमस्कार केला. "आपण ढग कोंडले आहेत असं म्हणतात."

"उत्तराचं मोल पडेल. तुझ्या पैंजणांचा आवाज दे. पाऊस गेल्यापासून इथे कसलाच आवाज नाही."

तिने पाऊल पुढे केले. मांत्रिकाने आवाज चिमटीत धरला, एका घागरीत सोडला आणि घागरीच्या तोंडाला फडके बांधले. मग त्याने उरलेल्या साऱ्या घागरी उपड्या करून दाखवल्या. सगळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. शेवटची तेवढी त्याने जपून कलती केली. तिच्या तळाशी ओल्या मातीचा वास होता.

"एक ढग माझ्याकडे होता खरा. म्हातारा होऊन विरून गेला. कधी झाकण काढून वास घेतो, एवढंच." त्याने झाकण लावले. "मुली, मंत्राने अडवलेला पाऊस मी एका फुंकरीत सोडवला असता. हा मायेने अडवलेला आहे. ती गाठ मला सुटत नाही."

"कोणाच्या मायेनं?"

"खाडीवर विचार. आणि तुझ्या आवाजाची चिंता करू नकोस. तुझं वाट बघणं ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी तो आपणहून परत येईल."

एलावती दाराशी थबकली. "इथून समुद्रावरचं माणूस दिसतं का?"

"समुद्र दिसतो," मांत्रिक म्हणाला. "त्यात माणूस दिसायचं नाही."

ती कडा उतरली तेव्हा तिची पावले मुकी होती.

खाडी आटली होती. चिखलाच्या पापुद्र्यांतून सोन्याचे हंडे उघडे पडले होते, पण त्यांच्याकडे फिरकायची कोणाची छाती नव्हती. हंड्यांना विळखा घालून मणिधर नाग बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"नागराज, खजिन्याला कोणी हात लावला म्हणून आपण पाऊस अडवलात का?"

"शाप आहे तो खजिना उचलणाऱ्याला. पावसाचा त्यात काय संबंध?" नाग चिडून म्हणाला. "मला झोप नाही. पिढ्यान्‌पिढ्या मी पावसाच्या आवाजावर झोपत आलो. तुझी झोप मला दे, मग सांगतो."

"घ्या."

नागाने तिच्या पापण्यांना शेपटी लावली. त्या क्षणापासून तिची झोप उडाली, आणि नागाला एक लांबलचक जांभई आली. "तो निघून गेलेला नाही," तो पेंगत म्हणाला. "जमिनीला कान लावला की मला कळतं. तो समुद्रापलीकडे उभा आहे. या पायावरचा भार त्या पायावर घेतो आहे. दार उघडायची वाट बघत माणूस ताटकळतो ना, तसा." पुढचे विचारीपर्यंत नाग घोरू लागला.

एलावती चालत राहिली. झोप येत नसल्याने तिला थांबायचे कारण नव्हते. जागेपणी माणसाला नको ते आठवते. तिला केयूरच्या हाताची टपली आठवली. फणसाचे गरे खाताना तो आठळ्या मोजून तिच्यासमोर ठेवी आणि सगळे तूच खाल्लेस म्हणे, तेही आठवले. तिला भावाची आठवण येत होती आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

डोंगराच्या कुशीत एका करंजावर पावशा बसलेला होता. पाऊस यायच्या आधी 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणून रान डोक्यावर घेणारा हाच तो पक्षी. आता पंख मिटून गप्प होता.

"पक्षिराज, आपण पावसाला बोलवत का नाही?"

"मी कधीच बोलवत नव्हतो," पावशा म्हणाला. "तो निघाला की मी सांगत होतो. तो निघत नाही, मग काय सांगू?"

"का निघत नाही?"

"आधी तू सांग. कोणाला सांगितलं नाहीस असं एक खरं सांग."

एलावती म्हणाली, "लहानपणी नैवेद्याचा मोदक मी खाल्ला आणि नाव मांजराचं घेतलं."

"हे अख्ख्या राज्याला ठाऊक आहे."

"मला गादी नको आहे."

"हे तुझ्या चेहऱ्यावर दिसतं."

एलावती खाली बसली. मातीकडे बघत म्हणाली, "मी दादाचा तांब्या पालथा घातला आहे. आबांना न सांगता. केयूरदादाचा." ते नाव उच्चारताच तिला रडू फुटले.

पावशा खालच्या फांदीवर आला आणि ती शांत होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "तुमच्या पहिल्या राजाच्या काळी पाऊस वाट्टेल तेव्हा येई आणि दर्यावर गेलेली माणसं बुडत. राजाने पावसापुढे पदर पसरला. पावसाने वचन दिलं, की राज्यातल्या एका जरी घरात तांब्या पालथा असेल, तोवर माणूस बाहेर आहे असं मी समजेन आणि पाऊल टाकणार नाही. तुम्ही रीत लक्षात ठेवलीत आणि वचन विसरलात. तो विसरलेला नाही."

एलावतीला पश्चिमेची करडी रेघ आठवली. जिच्यासाठी सारे राज्य दोन वर्षे झुरत होते, ती तिच्या खिडकीकडे बघत उभी होती.

"दादा जिवंत आहे का?"

"मला पावसाचं कळतं," पावशा म्हणाला. "माणसांचं नाही."

परतीची वाट लांबली, कारण तिची पावले जड झाली होती. तांब्या सुलटा केला तर पाऊस येईल आणि समुद्र खवळेल. त्यात दादाची होडी असली तर? आणि होडी नसलीच, तर? पालथ्या तांब्याखाली तो दोन वर्षे जिवंत होता. तो उचलायचा म्हणजे आपल्या हातांनी त्याला जा म्हणायचे. तिच्याने ते होणार नव्हते. विचारांच्या नादात ती एका वाडीत शिरली. तिथे विहिरीच्या तळाशी उतरून एक बाई करवंटीने पाणी खरवडून घागर भरत होती. एलावतीला बघून ती वर आली आणि तिने भरलेली करवंटी तिच्यापुढे धरली.

"पी गो बाय. लांबसून आलेली दिसतंस."

"तुमच्या घरी काय उरेल?"

"उरात काय ता बघू. तू पी."

एलावती प्यायली. पाण्याला मातीची चव होती. तिने बाईचे पाय धरले आणि तिथून ती थेट घरी आली.

महालात जाऊन तिने रुमाल बाजूला केला आणि तांब्या उचलला. फरशीवर हिरवट गोल डाग उमटला होता. राजवाड्याच्या विहिरीतून तिने तांब्या भरून घेतला, भर दुपारी सगळ्यांच्या देखत किनाऱ्यावर नेला आणि लाटेत ओतला. "जिथं असशील तिथं तुझे पाय धुतले, दादा," ती म्हणाली. तिने एक पाऊल टाकून पाहिले. पैंजण वाजले नाहीत. म्हणजे तांब्या रिकामा झाला तरी वाट बघणे संपले नव्हते.

आणि पाऊसही आला नाही. करडी रेघ वीतभर वर चढली आणि तिथेच थांबली.

एलावतीला उमजले. आणखी एक तांब्या कुठेतरी पालथा होता. पावसाचे वचन सांगून तिने दवंडी पिटवली. घरोघर उंबरठे बघितले गेले, कोनाडे बघितले गेले, माळे बघितले गेले. साऱ्या राज्यात पालथा तांब्या सापडला नाही. हे सांगायला ती वडिलांच्या शयनमहालात गेली.

राजा समुद्राकडच्या खिडकीपाशी बसला होता. त्याच्या पायांशी शाल पडली होती आणि शालीखाली काहीतरी वाटोळे होते. एलावतीने बघितले. आपली लेक काय बघते आहे, ते राजालाही दिसले.

"त्याच्या बारशाचा आहे," राजा म्हणाला. "चांदीचा. केवढासा आहे बघ."

"कधी घातलात, आबा?"

"तो गेला त्याच संध्याकाळी. उंबरठ्यावर ठेवायला लाज वाटली. सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो." त्याने शालीवर हात ठेवला. "तू ओतलंस, मी इथून बघितलं. माझ्याने ते व्हायचं नाही, एला. मी ओतलं तर मुलगा गेला असं त्याचा बाप म्हणाला असं होईल. आधी एकदा म्हणून झालंय."

दोन वर्षे एकाच छपराखाली दोघे एकाच माणसाची वाट बघत होते आणि जेवताना आमटीत मीठ कमी की जास्त एवढेच बोलत होते. एलावती वडिलांजवळ जमिनीवर बसली. पाणी ओतले तेव्हाही जे वाजले नाहीत त्या पैंजणांकडे तिचे लक्ष गेले आणि तिला वाट सुचली.

"ओतू नका, आबा. नुसता सुलटा करा आणि भरून ठेवा. दादा आला तर पाय धुवायला पाणी तयार असेल. पालथा नाही म्हणून पाऊसही अडायचा नाही. वाट बघायला तांब्या रिकामाच हवा असं कुठे आहे?"

राजाने शाल काढली. तो छोटासा तांब्या त्याने दोन्ही हातांनी उचलला. खाली फरशीवर गोल काळपट डाग होता. तो राजवाड्याच्या महाद्वारापाशी आला, तांब्या स्वतः भरला आणि प्रधान, सेनापती, पुरोहित आणि सारी प्रजा बघत असताना उंबरठ्यावर ठेवला.

"हा माझ्या मुलाचा, केयूरचा तांब्या," राजा म्हणाला. एलावतीने आपलाही तांब्या भरून त्याच्या शेजारी ठेवला.

रानात पावशा ओरडला. करडी रेघ उठली. दोन वर्षे उभे राहून अवघडलेला पाऊस आला तो जरा लंगडतच आला, आधी समुद्रावर, मग माडांवर, मग कौलांवर. त्याच्या मागे वारा होता, पण पावसाने त्याला दमाने घ्यायला लावले होते. खाडीतला नाग आता स्वतःच्या झोपेने झोपला आणि एलावतीची झोप तिला परत मिळाली. ती भर दिवसा महाद्वाराच्या पायरीवर, दोन तांब्यांशेजारी, भिजतच झोपी गेली. राजा तिच्या डोक्यावर इरले धरून बसून राहिला.

भात लावले गेले. विहिरी काठोकाठ भरल्या. थोड्याच दिवसांत मीठ पाझरू लागले आणि लोक पुन्हा कुरकुरू लागले, पण आता हळू आवाजात. सगळे ठीक झाले होते. फक्त एलावती चाले ती मुक्या पावलांनी. रोज सकाळी ती उंबरठ्यावरचे शिळे पाणी तुळशीला घाली आणि तांब्या ताजा भरून ठेवी. चांदीचा तांब्या राजा भरी.

पाऊस ओसरत आला होता, वाऱ्याचा जोर सरत आला होता. त्या सुमारास एका सकाळी एलावती तुळशीपाशी उभी होती. वळून तिने पाऊल टाकले आणि पैंजण वाजले.

ती जागच्या जागी थांबली. तुझं वाट बघणं संपेल त्या दिवशी, मांत्रिक म्हणाला होता. वाट बघणे दोन तऱ्हांनी संपते, हे तिला ठाऊक होते. दुसरे पाऊल टाकायचा तिला धीर होईना. महाद्वाराकडून कोणाचा आवाज येत नव्हता. शेवटी तिने पदर खोचला आणि धावली, आणि साऱ्या राजवाड्याने कितीतरी दिवसांनी तिचे पैंजण ऐकले.

उंबरठ्याबाहेर एक दाढी वाढलेला, उन्हाने काळवंडलेला माणूस उभा होता. त्याच्या पायांशी राजा अर्णवसेन गुडघे टेकून बसला होता आणि ताठ मान खाली घालून पाय धुवत होता. बारशाच्या तांब्यात मावते तेवढ्या पाण्याने एकच पाऊल धुऊन झाले होते. एलावतीने आपला तांब्या पुढे केला.

"इतका उशीर का केलास?" राजाने मान वर न करता विचारले.

"वारा नव्हता, आबा," केयूर म्हणाला. "पाऊस आणतो तोच वारा आम्हाला तिकडून घरी आणतो. दोन वर्षं तो सुटलाच नाही. मी रोज बंदरात बसून आभाळ बघायचो. कोणी अडवून धरला होता, कुणास ठाऊक."

एलावतीने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी तांब्याकडे पाहिले. तिने दुसऱ्या पावलावर पाणी ओतले, आणि केयूर घरात आला.

तेव्हापासून त्या राज्यात समुद्रावर गेलेल्या माणसाचा तांब्या कोणी पालथा घालत नाही. भरून ठेवतात. पाऊस वेळेवर येतो, आणि त्याच्या पाठोपाठ माणसे येतात.